लाकडी नंदी आणि रूप पालटणारा रोबोट : दोन खेळण्यांचा इतिहास कसा वाचावा?

१/ पिठोरी अमावास्या शनिवार-रविवारला लागून आली, की वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी (मेघे) इथे सुट्टी नावापुरतीच उरते. आदल्या सायंकाळी बैलांची खांदशेकणी, अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी लहानग्यांचा तान्हा पोळा. मुले सजवलेला लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघरी जातात. घरची मंडळी नंदीला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात. दिवस मावळेपर्यंत खिसा चांगलाच जड झालेला असतो.

२/ या बोजाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षुल्लक मानू नये. पूर्वी त्यातून गोळ्या-बिस्किटे येत. आता त्यात आईवडिलांची भर पडली, तर ट्रकचा योद्धा होणारा रोबोट येतो, आणि त्याच्या खोक्यावर ‘संग्राहकांसाठी’ असे छापलेले असते. मग एकाच फळीवर दोन खेळणी शेजारी बसतात. त्यांतली जुनी परंपरा कोणाची, याचे उत्तर सोपे आहे : नंदीची. पण लिहिलेला इतिहास कोणाचा अधिक आहे? रोबोटचा. असे का झाले, याचा शोध म्हणजे हा थ्रेड.

३/ आरंभ रोबोटपासून करू. खेळणे उलटे करा. तळाशी, पाठीवर किंवा पायाच्या आतल्या बाजूस बारीक उठावाची अक्षरे दिसतील : कंपनीचे नाव, वर्ष, देश. हा त्या वस्तूचा अभिलेखच समजा. मात्र अभिलेख वाचताना जी सावधगिरी बाळगतो, ती इथेही हवी. तिथले वर्ष बहुधा हक्कनोंदणीचे असते, निर्मितीचे नव्हे. म्हणून कालपरवा कारखान्यातून निघालेल्या पुनरावृत्तीवरही चाळीस वर्षांपूर्वीचे साल असू शकते. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतून दिल्लीच्या बादशहाच्या नावाची नाणी पडत होती, हे आठवा. नाव एकाचे, हात दुसऱ्याचे.

४/ आता देशाचे नाव पाहा. या रोबोटांचे मूळ जपानात आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या देशाचे कारखाने उद्ध्वस्त झाले आणि धातू मिळेनासा झाला. तरी डिसेंबर १९४५ मध्ये क्योटोच्या बाजारात पत्र्याची एक छोटी जीप विक्रीस आली. वापरून टाकलेल्या डब्यांचा पत्रा कापून ती घडवलेली होती, आणि नमुना होता रस्त्यावरून फिरणाऱ्या अमेरिकन लष्कराच्या जीपचा. पुढे निर्यात सुरू झाली तेव्हा जपानी मालावर ‘व्याप्त जपानमध्ये निर्मित’ अशा अर्थाचा इंग्रजी छाप येऊ लागला. पराभवाची नोंद खेळण्याच्या तळाशी कोरली गेली.

५/ जपान सावरला आणि पत्र्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅसब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. जपानच्या ताकारा कंपनीने परवाना घेऊन तो आपल्या देशात विकला आणि त्याच शरीराच्या आधारे १९७२ मध्ये पारदर्शक देहाचा ‘हेन्शिन सायबॉर्ग’ तयार केला. ‘हेन्शिन’ म्हणजे देहाचे रूपांतर. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे हे खेळणे होते. मग १९७३ चे तेलसंकट आले. प्लॅस्टिक तेलापासून बनते, ते महागले. १९७४ मध्ये ताकाराने आणलेला ‘मायक्रोमॅन’ जेमतेम १० सेंटिमीटरचा होता. अरबस्तानातील तेलाच्या भावाने टोकियोतील बाहुल्यांची उंची ठरवली.

६/ या लहान माणसांसाठी लहान यंत्रे हवी होती. १९८० मध्ये ताकाराने ‘डायाक्लोन’ ही मालिका सुरू केली. बोटाच्या एका पेराएवढे चालक आणि त्यांनी हाकायची यंत्रे, अशी तिची रचना होती. त्यांतल्या काही यंत्रांच्या मोटारगाड्या होत. १९८३ मध्ये मायक्रोमॅनच्या कुटुंबातच ‘मायक्रो चेंज’ ही शाखा निघाली. तिच्यातील रोबोट घरातल्या वस्तूंचे रूप घेत : कॅसेट प्लेअर, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल, खेळण्यातली मोटार. या दोन मालिकांमधला भेद ध्यानात ठेवा. पुढे तोच पुरावा म्हणून कामी येणार आहे.

७/ १९८३ मध्ये हॅसब्रोच्या लोकांनी ही जपानी खेळणी पाहिली. दोन्ही मालिकांतले साचे घेऊन त्यांनी एकच नवा संच करण्याचे ठरवले आणि त्याला नाव दिले ‘ट्रान्सफॉर्मर्स’. साचे तयार होते, कथा नव्हती. ते काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेले. जिम शूटर यांनी कथेचा आराखडा केला, ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव डेनिस ओनील यांनी सुचवले, आणि बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे व स्वभाव दिले. १७ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेत टीव्ही मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. खेळण्याच्या परंपरेचा जन्मदिवस तारखेसह सांगता यावा, हे किती दुर्मीळ आहे, याचा विचार करून ठेवा.

८/ इथे वस्तुनिष्ठ पुराव्याचा एक सुंदर नमुना मिळतो. नव्या कथेत हे रोबोट सजीव आहेत. त्यांना चालकाची गरज नाही. असे असूनही १९८४ च्या अनेक गाड्यांचे दार उघडले, की आत नेटक्या आसनांची जागा दिसते. ऑप्टिमस प्राइमच्या ट्रेलरमध्येही एका इवल्याशा चालकाला बसण्याची सोय आहे. तो चालक कुठे गेला? तो डायाक्लोनमध्येच राहिला. कथा बदलली, पण साचा बदलणे खर्चाचे होते. देवळाच्या भिंतीत जुन्या वास्तूचा कोरीव दगड सापडावा, तशी ही रिकामी आसने आहेत.

९/ दुसरा पुरावा मापांचा. ‘साउंडवेव्ह’ हा रोबोट कॅसेट प्लेअर होतो आणि ‘मेगाट्रॉन’ पिस्तूल होतो. माणसाच्या हातात बसेल एवढे. त्यांचा शत्रू मात्र मालवाहू ट्रक होतो. एकाच युद्धात एक पक्ष ट्रकएवढा आणि दुसरा मुठीएवढा कसा? कथेत याचे समाधानकारक उत्तर नाही. साच्यांच्या वंशावळीत आहे. ट्रक डायाक्लोनचा, पिस्तूल मायक्रो चेंजचे. पिवळा ‘बंबलबी’ही मायक्रो चेंजमधलाच, म्हणून तो खऱ्या मोटारीपेक्षा खेळण्यातल्या मोटारीसारखा गुटगुटीत दिसतो. ग्रंथात दोन हातांची भाषा दिसली, की संशोधक दोन कर्ते ओळखतात. इथेही तेच करायचे आहे.

१०/ आता असे वाटेल, की इतर जपानी खेळण्यांतून हेच एवढे का गाजले? टोन्का कंपनीने बंडाई या जपानी कंपनीच्या साच्यांवरून ‘गोबॉट्स’ हे रूप पालटणारे रोबोट अमेरिकेत याआधीच विकायला काढले होते. ट्रान्सफॉर्मर्सच्या कथेची पकड मात्र अधिक घट्ट ठरली, आणि काळही अनुकूल होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने टीव्हीवरील जाहिरातींवरची बंधने सैल केली. खेळणे विकण्यासाठीच रचलेली मालिका रोज दुपारी मुलांपुढे येऊ लागली. पुढे १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर पुन्हा मर्यादा आली. बालपणाच्या आठवणींमागेही सरकारी आदेश असतात.

११/ या खेळण्यांच्या खोक्यांवर कल्पकांची नावे नव्हती. कोजिन ओनो, शोजी कावामोरी यांच्यासारख्या जपानी अभिकल्पकांचे श्रेय जगाला कळले ते बऱ्याच काळाने. ते कळवले कोणी? प्रामुख्याने संग्राहकांनी. जुने कॅटलॉग, साच्यांची चित्रे, वयोवृद्ध कामगारांच्या मुलाखती, तळावरचे छाप यांची जुळणी करत हौशी मंडळींनी वंशावळ उभी केली. विद्यापीठांचे लक्ष तिकडे गेले ते त्यानंतर. हा मुद्दा या थ्रेडचा कणा आहे : रोबोटला इतिहास आपोआप मिळाला नाही, कोणीतरी बसून तो नोंदवला.

१२/ भारतात हे सारे उशिरा आणि तुटक पोहोचले. परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. खेळणी आणायची, तर ती इथेच बनवणे हा एक मार्ग होता. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी उभी राहिली आणि तिचा कारखाना गोव्यात सुरू झाला. पाचव्या भागात ज्या ‘जी. आय. जो’चा उल्लेख आला, त्याची छोटी आवृत्ती अमेरिकन साच्यांतून गोव्यात निघू लागली. त्या भारतीय आवृत्तीचे काही रंग मूळ अमेरिकन खेळण्याहून वेगळे होते. त्यामुळेच आज जगभरचे संग्राहक गोव्यातले ते सैनिक शोधत असतात.

१३/ १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांनी गावोगावची दुकाने भरली. जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर काही काळ बंदीही आली. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील मूलभूत सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. म्हणजे वर्ध्याच्या दुकानात खोके हातात घेतल्यावर जी किंमत दिसते, तिच्यात ऑप्टिमस प्राइमच्या पराक्रमाचा वाटा आहे, तसा दिल्लीच्या अर्थसंकल्पाचाही आहे.

१४/ आता फळीवरच्या दुसऱ्या खेळण्याकडे वळू. लाकडी नंदी उलटा करा. तळाशी काहीच लिहिलेले नाही. वर्ष नाही, गाव नाही, घडवणाऱ्या सुताराचे नाव नाही. घरात विचारले, तर उत्तर मिळते : ‘आजोबांच्या वेळचा आहे.’ हे उत्तर खोटे नाही, पण आजोबा गेले, की त्याचा अर्थ पुसट होत जातो. रोबोटबद्दल आपण तारीख सांगू शकतो. नंदीबद्दल ‘म्हणतात’ या क्रियापदावर थांबावे लागते.

१५/ हे ‘म्हणतात’ मोठ्या घराण्यांनाही चुकलेले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या परंपरेत तान्हा पोळ्याचा आरंभ दुसऱ्या रघुजींच्या कारकिर्दीत, १८०६ साली झाल्याचे सांगितले जाते. मोठ्यांच्या पोळ्याला बैल मिरवतात, मग मुलांनीही आपला बैल मिरवावा, ही त्यामागची कल्पना. आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा भव्य नंदींसाठी प्रसिद्ध आहे. नावसाधर्म्यामुळे घोटाळा नको : सिंदी (रेल्वे) वेगळी, वर्ध्यालगतची सिंदी (मेघे) वेगळी. दोन्हीकडे मुले नंदी ओढतात. तेथील नंदींच्या कारागिरांची यादी मात्र कोणत्या कपाटात सापडत नाही.

१६/ चाकांवरच्या बैलाचे महाराष्ट्रातील मूळ किती खोल असावे? १९७४ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद इथे एका शेतकऱ्याला खोदताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. त्यांचा संबंध बहुतेक अभ्यासक उत्तर हडप्पा काळाशी जोडतात. कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरात मातीच्या देवतेसोबत मातीचा बैल सापडला. दायमाबादपासून तान्हा पोळ्यापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह आवरायला हवा. मधल्या हजारो वर्षांचे दुवे हाती नाहीत. पण या वस्तू खेळणी होत्या की पूजेच्या, हा तिथे पडणारा प्रश्न नंदीलाही लागू होतो.

१७/ कारण नंदीही रूप पालटतो. वर्षभर तो माळ्यावर किंवा कपाटावर धूळ खात असतो. पोळ्याच्या सुमारास त्याला पुसतात, रंगाचा नवा हात देतात, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात माळ येते. पूजा झाली, की तो देव होतो. दोरी बांधली, की मुलाचे खेळणे. दारात उभा राहिला, की बोजारा मिळवून देणारा पाहुणा. सायंकाळी पुन्हा तो एक लाकडी वस्तू. रोबोटचे रूपांतर बिजागऱ्यांत आहे, नंदीचे रूपांतर माणसांच्या वागण्यात आहे. म्हणून रोबोटची माहिती वस्तूतून बरीच कळते. नंदीची माहिती माणसांना विचारावीच लागते.

१८/ तरी वस्तूही अगदी मुकी नसते. जुन्या नंदीचा रंग कुठे उडाला असेल, तिथे खालचे थर दिसतात. एकाखाली एक, जणू उत्खननातले स्तर. चाके मूळ लाकडाची आहेत की नंतर बसवलेली? शिंग तुटून पुन्हा जोडले आहे का? लाकूड सागाचे की साधे? अंगावर रंध्याच्या खुणा आहेत की यंत्राच्या? वशिंड, मान, डोळे यांची घडण शेजारच्या घरातल्या नंदीशी जुळते का? जुळली, तर दोन्ही एकाच हातचे असण्याची शक्यता आहे. रिकाम्या आसनांवरून आपण डायाक्लोन ओळखला. तीच नजर इथे वापरायची आहे.

१९/ हा विचार वर्ध्याला परका नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवसांत वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची दिशा ठरली : मुलाने हाताने काम करत शिकावे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. मगनलाल गांधी यांचे नाव असलेल्या या संग्रहालयात राजांची शस्त्रे नव्हती. चरखे होते, ग्रामोद्योगाची साधने होती. खेड्यातील कारागिराची वस्तू जपण्याजोगी आहे, हे तेव्हा मान्य होण्यासाठी संस्था उभारावी लागली.

२०/ आज घाई कशाची? शेतात ट्रॅक्टर आले आणि गोठ्यातली बैलजोडी कमी झाली. ज्या घरात खरा बैल उरला नाही, तिथे तान्हा पोळ्याचा नंदीच पोळ्याची आठवण टिकवून आहे. नंदी घडवणारी जुनी पिढी थकते आहे, आणि बाजारात एकसारखे नंदीही मिळू लागले आहेत. रोबोटबद्दल काही विसरले गेले, तरी कॅटलॉग आहे, खोके आहे, टीव्हीच्या प्रसारणाची तारीख आहे. नंदीबद्दल विसरले, की ते कायमचे गेले. नोंद न राहिलेल्या गोष्टींना उद्याचा इतिहासकार ‘पुरावा उपलब्ध नाही’ असे म्हणून बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

२१/ म्हणून एक विनंती. तुम्ही रोबोट जमवत असाल, तर जमवा. त्यात ओशाळण्याजोगे काही नाही. खोके जपून ठेवा, तळाचा छाप टिपून घ्या. आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर घरच्या नंदीसाठी पाच गोष्टी लिहा : उंची आणि लांबी; लाकूड कोणते; कोणी घडवला किंवा कोणत्या बाजारातून आणला; घरात कोणाकोणाच्या हातून ओढला गेला; शेवटची दुरुस्ती आणि रंग कधी. माहिती सांगणाऱ्याचे नाव आणि नोंदीची तारीख त्याखाली घाला. छायाचित्र चारही बाजूंनी घ्या, तळाचेही घ्या. जे ऐकीव आहे, त्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहायला विसरू नका.

२२/ जपानी साच्यांची वंशावळ शोधणाऱ्या हौशी संग्राहकांपाशीही आरंभी यापेक्षा फारसे काही नव्हते : एक वही, थोडा धीर आणि वस्तू उलटी करून पाहण्याची सवय. तान्हा पोळ्याच्या दिवशी मुले दारात नंदी घेऊन येतील, तेव्हा बोजारा देताना एक प्रश्नही विचारा : ‘बाळा, हा नंदी कोणी बनवला?’ मुलाला उत्तर ठाऊक नसेल, तर ते घरी जाऊन आजीला विचारील. तिने सांगितलेले नाव लिहून ठेवले गेले, तर त्या नंदीच्या तळाशी नसलेली ओळ निदान आपल्या वहीत उमटेल.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरच्या नंदीची नोंद खाली जरूर लिहा. सुताराचे नाव आठवत असेल, तर सर्वांत आधी ते.